वाचनालयातली अर्धी लुगडी

वडगावच्या विणकर वाचनालयात दोन कपाटं होती. एकात पुस्तकं असायची आणि दुसऱ्यात अर्धी लुगडी. पुस्तकांचं कपाट पाहायला बाहेरगावचं सहसा कुणी येत नसे, कारण त्यातली चांगली पुस्तकं कुणा ना कुणाच्या घरी गेलेली असत आणि उरलेली कुणी नेण्याच्या लायकीची नसत. लुगड्यांचं कपाट मात्र पाहुणे आवर्जून उघडायला लावत. आत नऊवारीचे तुकडे घडी घालून ठेवलेले, कुठला कमरेपुरता, कुठला त्याहून थोडा लांब, आणि प्रत्येकाच्या टोकाला चार बोटं तांबडा पदर.

"हे काय?" असं विचारलं की ग्रंथपाल तम्मण्णा हावळ चष्मा पुसत सांगायचा, "प्लेगची तयारी हाय ती."

पाहुणा हसायचा. तम्मण्णा हसायचा नाही. मग पाहुण्याला बसून घ्यावं लागे.

तम्मण्णाला ग्रंथपाल हा शब्द अंगावर मोठा होत असे. तो स्वतःला किल्लीवाला म्हणवायचा, कारण किल्ली त्याच्याकडे होती आणि पगार नव्हता. जन्माने तो कोष्टी. हावळांच्या घरात तीन भावंडं: थोरला रवळू, मधली यल्लव्वा, धाकटा हा. आई लवकर गेली. यल्लव्वाचं लग्न निपाणीकडे झालं होतं, पण नवरा दोन पावसाळेही टिकला नाही आणि ती एक पेटी व एक चरखा घेऊन माहेरी आली. पेटीत काय होतं हे कुणाला आठवत नाही. चरख्यावर ती सुताच्या कांड्या भरायची, रवळू त्या धोट्यात घालून लुगडं विणायचा, आणि तम्मण्णा शाळेत जायचा. तो शाळेत गेला तो यल्लव्वामुळे. घरात एकाला तरी सावकाराची चिठ्ठी वाचता आली पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. चौथी झाल्यावर चिठ्ठी वाचता येऊ लागली आणि शिक्षण पुरं झालं.

शहापूर-वडगावात माग जमिनीत असतो. खड्डा खणायचा, खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि समोरच्या ताण्यावर जन्म काढायचा. कोष्ट्याच्या घराला आग लागली तर तो भांडी, पोर, शेळी उचलून बाहेर पडू शकतो. खड्डा त्याला उचलता येत नाही. आणि त्या मागावर एक नियम बसलेला होता: चढवलेलं लुगडं पदर विणल्याशिवाय कापायचं नाही. अर्धं लुगडं कापलं तर घरातल्या कुणाचं तरी आयुष्य अर्ध्यात तुटतं. हा झाला देवाचा नियम. दुकानाचाही एक नियम होता. सूत देणारा व्यापारी अर्धं लुगडं घेत नसे, आणि त्या सुताची किंमत विणकराच्या नावावर चढे. हे दोन नियम असे धाग्याला धागा लागून बसले होते की त्यांतला आधी कुठला विणला गेला, हे सांगणं अवघड होतं.

पहिला प्लेग आला तेव्हा तम्मण्णाला नुकती मिसरूड फुटत होती. घरांतून उंदीर पडायला लागले, दवंडी फिरली, आणि गाव येळ्ळूरच्या वाटेवरच्या माळावर झोपड्या घालून राहायला गेलं. भाजीवाले पहिल्यांदा गेले, मग शेतकरी, मग दुकानदार. कोष्ट्यांची आळी सगळ्यांत शेवटी रिकामी झाली. रवळूने बहिणीला आणि धाकट्याला माळावर पाठवलं.

"पदर तेवढा ऱ्हायलाय," तो म्हणाला. "इणतो आणि येतो."

आळीत जे थोडे मागे होते ते सांगत, की रवळूचा माग सकाळपासून चालू होता. मग तो थांबला. माग थांबला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, रवळूचं लुगडं झालं.

गाव परत आलं तेव्हा लुगडं मागावर तसंच होतं. पदर सुरू झालेला होता आणि धोटा मध्येच अडकलेला. आळीतल्या बायका कांड्या भरत, ताणा करायला हात लावत, पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत नसत. यल्लव्वा बसली. तिने भावाचा उरलेला पदर विणला, हळदकुंकू लावून लुगडं कापलं, आणि दुकानात नेऊन दिलं. त्यानंतर ती मागावरून उठलीच नाही. बायकांनी मागावर बसू नये, असं सांगायला कुणीतरी वडीलधारा आला होता. "मग तू बस," ती म्हणाली. तो प्रश्न तिथे मिटला.

तम्मण्णाही काही वर्षं विणायला बसला. पण खड्ड्यातल्या ओलीने त्याचे गुडघे धरले, आणि चालताना ते दाराच्या बिजागरीसारखे बोलू लागले. त्याच सुमाराला आळीतल्या चार लोकांनी खंडेनवमीला मागांची पूजा झाल्यावर, पोटात गोडधोड असताना, वाचनालय काढायचं ठरवलं. जागा दिली भुजबली आप्पांनी. हे जैन गृहस्थ निपाणीकडून येऊन सुताच्या व्यापारात स्थिरावलेले, घरात कन्नड, दुकानात मराठी आणि हिशेबात दोन्ही बोलणारे. ज्याची खोली तो अध्यक्ष, या न्यायाने ते अध्यक्ष झाले. ज्याला माग झेपत नाही तो ग्रंथपाल, या न्यायाने तम्मण्णा किल्लीवाला झाला.

वाचनालयात लोकांनी येऊन वाचायचं असतं, ही गोष्ट तम्मण्णाला कुणी सांगितली नव्हती. कोष्टी दिवसा मागावरून उठत नाही, म्हणून हाच वर्तमानपत्र घेऊन आळीत जायचा, घराघराच्या उंबऱ्यावर बसायचा आणि मागाच्या खटखटीवर आवाज चढवून वाचायचा. सगळ्या बातम्या झाल्या की शेवटी स्वतःची एक घालायचा: कुठल्या गल्लीत उंदीर पडला, कुठे नाही. बेळगावच्या वर्तमानपत्रात नसलेली ही बातमी लोक सर्वांत लक्ष देऊन ऐकत. हळूहळू वाचनालयाच्या माळ्यावर झोपड्यांसाठी वासे, तट्टे, दोरखंड आणि कंदील जमू लागले. मेंबर होताना वर्गणी नसेल तर तट्टा चालत असे.

पण तम्मण्णाला ठाऊक होतं की तट्टे कितीही जमवले तरी कोष्टी मागावरून उठणार नाही. पुन्हा प्लेग आला की त्याची यल्लव्वाआक्का खड्ड्यात पाय सोडून म्हणेल, एवढं पुरं करते आणि येते. या एका वाक्याची त्याला धास्ती होती. तो जे काही करत होता ते या वाक्याच्या विरुद्ध होतं, आणि हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं, आक्काला तर नाहीच.

एके दिवशी तो भुजबली आप्पांच्या दुकानी गेला.

"आप्पा, वाचनालयानं अर्धी लुगडी इकत घ्यायची."

भुजबली आप्पा सुताचा गठ्ठा तोलत होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"कसली?"

"प्लेग आला की आळीत जी मागावर असत्यात ती. कोष्ट्यानं कापून वाचनालयात आणायची, आपण पैसे द्यायचे, त्यानं माळावर जायचं."

"आणि लायब्ररीनं त्येचं करायचं काय?"

"पुस्तकं गुंडाळायला बस्तनं."

"येवढी पुस्तकं हैत कुठं आपल्याकडं?"

"घेऊया की."

"तम्मण्णा, लायब्ररी पुस्तकांसाठी असती रे."

"व्हय आप्पा. पण मेलेला मेंबर वर्गणी देत न्हाय."

आप्पांनी यावर विचार केला. ते विचार करताना कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच ठेवत.

"म्हंजे कोष्टी लुगडं कापणार, लायब्ररी त्येला पैसे देणार, आणि तो माझ्या सुताचे पैसे मला देणार?"

"देणार."

"बुडणार न्हाय?"

"न्हाय."

"मग हे आधी सांगायचं की रे," आप्पा म्हणाले. "आणि लायब्ररीकडं पैसे येणार कुठनं?"

तम्मण्णाने तेही ठरवून ठेवलं होतं. प्रत्येक लुगडं झालं की कांडीवर थोडं सूत शिल्लक राहतं. ते विणकराचं असतं आणि त्यातून पोरीबाळींच्या चोळ्यांचे तुकडे निघतात. लुगड्यामागे एक कांडी वाचनालयाच्या दारातल्या टोपलीत टाकायची. टोपली भरली की सूत विकायचं.

"इकत कोण घेणार ते?"

"तुमी."

आप्पा हसले. "हौद री, बरोबर हाय," ते म्हणाले. "म्हंजे दोन्हीकडनं मीच." पण दुसऱ्या दिवशी दुकानातली एक नवी वेताची टोपली त्यांच्या गड्याने वाचनालयाच्या दाराला आणून अडकवली.

गाव तेव्हा संस्थानात होतं, आणि संस्थानाकडूनही वाचनालयाला वर्षाला थोडी ग्रँट मिळे. तिची तपासणी करायला एक साहेब आले, आणि त्यांना पुस्तकं, तेल आणि बांधणी यांखेरीज कुठल्याही सदराखाली खर्च मंजूर नसल्याचं निघालं. प्लेगसाठी सदर नव्हतं. तम्मण्णाने नम्रपणे विचारलं, की पुस्तकं ज्यात बांधायची ते कापड कशात बसेल. साहेबांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वडगाव होतं, म्हणजे पाहण्यासारखं फार काही नव्हतं. मग त्यांनी लिहिलं, बांधणी. अशा रीतीने एका गावातल्या प्लेगचा बंदोबस्त बांधणी या सदराखाली झाला, आणि पुढे अनेक वर्षं कुणी हरकत घेतली नाही.

टोपलीत पहिली कांडी यल्लव्वाने टाकली. टाकून ती तिथेच उभी राहिली.

"कांडी टाकत जाईन," ती म्हणाली. "लुगडं कापणार न्हाय. ते डोक्यातनं काढ."

"तुला कोण म्हणलं काप म्हणून?"

"सगळ्या आळीला म्हणतोस ते कुणासाठी म्हणतोस, कळत न्हाय व्हय मला?"

तम्मण्णाने टोपली उगाच सरळ केली.

बरीच वर्षं टोपली भरत राहिली. मग पहिलं महायुद्ध चाललेलं असताना, दिवाळीनंतर, भाताची कापणी होऊन शेतं मोकळी झाली होती त्या दिवसांत, पहिला उंदीर वाचनालयाच्याच पायरीवर पडला. ही बातमी वाचायला तम्मण्णाला कुठे जावं लागलं नाही.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. माळ्यावरून वासे आणि तट्टे उतरले, कंदील वाटले गेले, तम्मण्णाची बायको चंपाबाई पोरं घेऊन माळावर गेली आणि तिने सर्वांत आधी झोपडी उभी केली. तम्मण्णा वाचनालयाच्या दारात पैशाची पेटी घेऊन बसला. त्याला वाटलं होतं गर्दी होईल. त्याने रांगेसाठी दोरीसुद्धा बांधली होती.

कुणी आलं नाही. आळीतून मागांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा घाईचा, पण येत होता.

दुपारी तो उठला आणि घरोघर गेला. भरमू कोष्ट्याच्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "भरमू, पैसे हैत रं. काप आणि चल."

भरमूने धोटा थांबवला नाही. "पैशाचं न्हाय रं, तम्मण्णा."

"मग?"

"सून पोटुशी हाय. घरात अर्धं लुगडं कापू?"

पुढच्या घरात म्हातारी आई होती. त्याच्या पुढच्यात नुकतं लग्न झालेला मुलगा होता. आयुष्य अर्ध्यात तुटू नये असं प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी होतंच. तम्मण्णाने इतकी वर्षं खपून दुकानाचा नियम मोडून काढला होता. देवाच्या नियमाला त्याने हातही लावला नव्हता, आणि आळी बसली होती ती त्या नियमापाशी. पेटीतल्या पैशांवर त्याला काही करता येत नव्हतं.

शेवटी तो स्वतःच्या घरी आला. यल्लव्वा खड्ड्यात पाय सोडून बसली होती. समोर निम्मं लुगडं.

"आक्का."

"एवढं पुरं करते आणि येते."

ते वाक्य आलं. ती अगदी रवळूसारखी बोलली, मान न वळवता.

तम्मण्णाकडे उत्तर होतं. रवळूआण्णा अर्ध्यात सोडल्यामुळे गेला नाही, सोडलं नाही म्हणून गेला, हे त्याच्या मनात कित्येक वर्षं तयार होतं, आणि दर वर्षी तो ते थोडं थोडं घोटत आला होता. पण ज्या खड्ड्यात ती बसली होती तो आण्णाचा होता, आणि मागाच्या ज्या फळ्या ती पायांनी दाबत होती त्या आण्णाच्या पायांनी झिजलेल्या होत्या. तिथे उभं राहून ते वाक्य म्हणता येण्यासारखं नव्हतं. त्याने चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, गुडघे आवाज करत वाकवले आणि चरख्यापाशी बसला.

"काय चाललंय?" ती म्हणाली.

"कांड्या भरतो."

"कशाला? चंपा वाट बघत असंल."

"बघू दे. तुझं झालं की दोघं जाऊ."

"उठ, गप जा."

"तू ऊठ, मी उठतो."

"लई शाणा झालास रं पुस्तकं वाचून."

"चौथी," तम्मण्णा म्हणाला. "तूच घातलीस."

ती पुन्हा विणू लागली. चरखा फिरत होता, माग वाजत होता. तम्मण्णाचा हात सुतावर बसायला वेळ लागला. लहानपणी आक्काने जेवढ्या कांड्या त्याच्याकडून भरून घेतल्या त्यानंतर त्याने चरखा धरला नव्हता. तिने एकदा वळून त्याची कांडी पाहिली, पोट फुगलेली, आणि तशीच धोट्यात घातली. असली कांडी तिने एरवी अंगणात फेकली असती.

दारात चंपाबाई उभी राहिली. डोक्यावर टोपली, टोपलीत भाकरी.

यल्लव्वाचा हात थांबला. "तू कशाला आलीस गं?"

"न्हवरा हितं, भाकरी तितं. भाकरीला पाय न्हाईत, वन्सं."

"पोरं?"

"शेजारणीपाशी ठेवलीत. धाकटं रडतंय. उद्या त्येला बी आणते, मंजे सगळीच हितं असलेली बरी."

हे ती अगदी सरळ बोलली, जणू उद्या बाजाराला जायचंय. तम्मण्णाने तिला उठून बाहेर घालवायला हवं होतं. पण माळावरून वडगावात भाकरी घेऊन येणाऱ्या बाईला त्याच घरात बसून कुठल्या तोंडाने ओरडायचं, हे त्याला कळेना.

यल्लव्वाने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे, आणि मग समोरच्या लुगड्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"तम्मा," ती म्हणाली. "तांबडी कांडी भर."

"अजून निम्मं ऱ्हायलंय की."

"मला इणायला शिकवतोस? तांबडी भर म्हटलं."

त्याने तांबडं सूत घेतलं. तांबडं पदराला लागतं, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने घाई केली आणि ही कांडी आधीपेक्षाही वाईट भरली गेली. यल्लव्वाने ती धोट्यात घातली आणि निम्म्या लुगड्याला पदर विणायला घेतला. चंपाबाई टोपली खाली ठेवून उंबऱ्यावर बसली. भाकरीकडे कुणी पाहिलं नाही.

"आक्का, पण—"

"पदर आला की लुगडं पुरं. त्येच्या आधी किती हात पायजे, ते कुणी सांगितलंय?" धोटा या हातातून त्या हातात गेला. "दहा वर्साच्या पोरीचं लुगडं केवढं असतं? त्येला काय अर्धं म्हणत्यात?"

चार बोटं पदर झाला. तिने चूल सारवतात तसा हात फिरवून कापड पाहिलं, देव्हाऱ्यातलं हळदकुंकू आणून काठाला लावलं, आणि कात्रीने कापलं. कापताना तिने डोळे मिटले होते. मग ती खड्ड्यातून वर आली, लुगड्याची घडी घातली आणि भावासमोर धरली.

"घे. आता दे पैसे. फुकट न्हाय देणार."

"तूच कांड्या टाकल्यास की त्येच्यासाठी."

"कांड्या येगळ्या, लुगडं येगळं."

त्या दिवशी तम्मण्णाने आळीत वर्तमानपत्र वाचलं नाही. त्याने एकच बातमी सांगितली, प्रत्येक उंबऱ्यावर थांबून: यल्लव्वाआक्कानं पदर घातला. पुढचं सांगावं लागलं नाही. रवळूचं लुगडं जिने पुरं केलं, तिने हे लुगडं पुरं आहे म्हटलं, म्हणजे ते पुरं होतं. त्यावर भटजीचं किंवा ग्रंथपालाचं मत कुणाला नको होतं. घराघरातून चरख्यांवर तांबडं सूत चढलं. दिवस कलायच्या आत वाचनालयाच्या दारात खरोखरच रांग लागली आणि दोरी कामाला आली. भरमू आला, त्याच्यामागे त्याची पोटुशी सून, आणि तिच्या हातात लुगड्याचा तुकडा, चार बोटं पदराचा. "आप्पाला सांग," भरमू म्हणाला, "सूत फुकट न्हाय गेलं म्हणून."

त्या वर्षी आळीतलं कुणीच दगावलं नाही, असं सांगता येणार नाही. दोघांना आधीच लागण झाली होती. पण मागाशी कुणी राहिलं नाही. कोष्ट्यांची आळी पहिल्यांदाच दुकानदारांच्या आधी रिकामी झाली, आणि दुकानदारांना ते काहीसं लागलं.

माळावर यल्लव्वाला करमेना. हाताला काम नाही, पायाखाली फळ्या नाहीत. येळ्ळूरच्या गडाकडे पाठ करून ती वडगावच्या दिशेला तोंड करून बसायची. तम्मण्णा शेजारी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. युद्धाच्या बातम्या, कुठे कुठली बोट बुडाली, कुठे कुणी किती मैल पुढे गेलं.

"माग थंड पडला असंल," ती मध्येच म्हणायची.

"पडू दे."

"उंदरं ताणा कुरतडत असत्याल."

"उंदरं मेली, आक्का."

हे तिला पटे. मग ती म्हणायची, "वाच पुढं," आणि ऐकायची नाही.

गाव परतलं तेव्हा मागांवर उरलेला ताणा होता. त्यातून उरलेलं लुगडं निघालं, आणि बऱ्याच जणांनी आपला तुकडा वाचनालयातून परत विकत नेऊन दोन्ही जोडून घरच्याच बायकांना नेसवलं. शिवण दिसायची. ज्या बायांच्या अंगावर शिवणीचं लुगडं असे त्यांच्याकडे आळीत जरा मानानं पाहिलं जाई; ही प्रथा कुणी सुरू केली नाही, ती झाली. तम्मण्णाने आक्काचा तुकडा काढून तिच्यासमोर ठेवला.

"जोडतीस?"

तिने त्यावर हात फिरवला. "पुरं झालंय ते," ती म्हणाली. "ठेव परत."

जे तुकडे कुणी नेले नाहीत त्यांची बस्तनं झाली. ती पुस्तकांपेक्षा जास्त भरली. भुजबली आप्पांनी दोन्ही कपाटं पाहिली, कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली, आणि म्हणाले, "बस्तनं रिकामी बरी दिसत न्हाईत. पुस्तकं आणा." त्या वर्षी पुष्कळ पुस्तकं आली. वाचनालयं कशी वाढतात यावर पुढे बेळगावात एक व्याख्यान झालं होतं, पण वक्त्यांनी सांगितलेल्या कारणांत हे नव्हतं.

त्यानंतरही प्लेग एक-दोनदा आला. आळी दर वेळी तांबडी कांडी भरून उठली. मग तो यायचा थांबला, आणि टोपलीत कांड्या येतच राहिल्या. सवय मोडायला प्लेगपेक्षा जास्त वेळ लागतो. पुराच्या वर्षी त्या सुतातून दोरखंड आले, आगीच्या वर्षी बादल्या. नवे मेंबर मधूनमधून म्हणत, की दुसरं कपाट मोकळं करून त्यात कादंबऱ्या ठेवाव्यात. तम्मण्णा हो म्हणायचा आणि किल्ली सापडत नाही म्हणायचा.

यल्लव्वा म्हातारी झाली तशी लहान झाली. मागाने पाठ वाकवली, आणि नऊवारी लुगडं तिच्या अंगावर पसरून जमिनीवर लोळू लागलं. एका खंडेनवमीला ती काठी टेकत वाचनालयात आली.

"माझं ते दे रं."

"काय?"

"चार बोटं पदराचं. मागाच्या पूजेला नेसते. आता बसंल मला."

"घेऊन जा की, तुझंच हाय."

"माझं कसं? इकलंय मी. मेंबरं नेत्यात तसं दे, परत आणून दीन."

यल्लव्वाला अक्षर येत नव्हतं, पण ती पहिल्या दिवसापासूनची मेंबर होती. तम्मण्णाने कपाट उघडलं, लुगडं काढलं, आणि मेंबर पुस्तक नेताना वहीत सही करतात, तसा तिचा अंगठा घेतला. लुगडं तिला बरोबर बसलं. दुसऱ्या दिवशी ती ते धुऊन, घडी घालून परत घेऊन आली. पुढे दर खंडेनवमीला हेच झालं. ती न्यायची, मागापुढे बसून नारळ फोडायची, आणि दुसऱ्या दिवशी परत करायची. पुस्तकं परत करण्यात एवढी नियमित मेंबर वाचनालयाला पुन्हा मिळाली नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षीही ती खंडेनवमीला आली होती. लुगडं घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. चंपाबाईने तिला शेवटची अंघोळ घातली तेव्हा तेच नेसवलं. तम्मण्णाने दारात उभं राहून पाहिलं.

वर्षअखेरीला भुजबली आप्पा कपाट मोजायला आले. त्यांनाही आता दिसायचं कमी झालं होतं, पण मोजणी ते स्वतःच करत.

"एक कमी हाय रे, तम्मण्णा."

"बाहेर गेलंय, आप्पा."

"मेंबर कोण?"

तम्मण्णा चष्मा पुसू लागला. आप्पांनी पेन्सिल काढली होती ती कानामागे ठेवली आणि कपाट बंद केलं.

वाचनालयाचा नियम असा होता, की वस्तू वेळेत परत आली नाही तर आठवड्याला एक कांडी दंड. तम्मण्णा शनिवारी वाचनालय उघडायला येताना घरून एक कांडी भरून आणायचा आणि टोपलीत टाकायचा. तांबडी असायची. त्याचा हात शेवटपर्यंत सुधारला नाही. टोपलीतली पोट फुगलेली कांडी कुणाची, हे आळीत सगळ्यांना कळायचं.